डावा कार्बोरेटर

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत काढायला येणार नाही. उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, दहा बाय पंधराचा गाळा. पस्तीस वर्षं झाली, पाटी लावलेली नाही. तशी वेळच आली नाही. इचलकरंजी, सांगली, पार बेळगावपर्यंत ज्याच्या घरात जुनी दोन सिलिंडरची मोटारसायकल उभी आहे, त्याला माझा पत्ता माहीत असतो. असायचा, असं म्हणायला पाहिजे.

एका सिलिंडरची गाडी कुणीही लावतो, म्हणजे ट्यून करतो. दोन सिलिंडरची भानगड वेगळी. तिला कार्बोरेटर दोन. मूठ एकच, पण मुठीची केबल खाली जाऊन दोन फाट्यांत वाटली जाते, एक फाटा डाव्या कार्बोरेटरला, एक उजव्याला. मूठ पिळली की दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं पाहिजे आणि सारखीच हवा आत ओढली पाहिजे. केसभर मागंपुढं झालं की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा त्याच्या जिवावर चालतो. बैलजोडीत एक बैल अंगचोर निघाला की जे होतं तेच. बसणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, आरशात मागचं काही दिसत नाही, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की सगळं अंग हलवत राहते.

हे दोन कार्बोरेटर जुळवायची माझ्या वस्तादाची एक रीत होती. हातभर लांबीच्या दोन रबरी नळ्या घ्यायच्या. एकीचं टोक डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं टोक आपल्या डाव्या कानात. तशीच दुसरी, उजवीकडं. गाडी चालू ठेवून डोळे मिटायचे. आत जाणाऱ्या हवेची सूं सूं दोन्ही कानांत येते. डावीकडं हवा जास्त असली तर आवाज डावीकडं झुकतो, उजवीकडं असली तर उजवीकडं. स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही सारखे झाले की आवाज कानात राहतच नाही, तो कपाळाच्या मधोमध येऊन बसतो. बास. काम झालं. बाकीचे मिस्त्री एकच नळी घेऊन एकाच कानानं आधी डावा ऐकायचे, मग उजवा. वस्ताद त्यांना हसायचा. एका कानावर काम करणारा अंदाजानं चालतोय, म्हणायचा. त्याचं ऐकून मीही तीस वर्षं हसलो.

जुळणी झाली की केबलच्या नटावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणी नट हलवला तर रंग तडकतो आणि कळतं. माझा रंग मरून. महाद्वार रोडवरच्या बांगडीवाल्याकडून बाटली आणतो. तिच्यातला ब्रश मी वापरत नाही, जाड येतो. आगकाडीच्या टोकानं ज्वारीच्या दाण्याएवढा गोल ठिपका देतो. आमच्या धंद्यात ही सही समजा.

आता इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांना कार्बोरेटरच नाही, कॉम्प्युटर लावून बघायच्या. ते मला येत नाही आणि शिकायची हौसही नव्हती. माझ्याकडं उरल्या दहा-बारा जुन्या गाड्या आणि त्यांचे तेवढेच जुने मालक. सगळं गणित दोन कानांवर आलं होतं. लोक पान्याला मिस्त्री म्हणत नाहीत, कानाला म्हणतात, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. तो कान गेला तर गाळ्यात बसून माशा मारायच्या, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच बहुतेक तिकडं कधी बघितलं नाही.

त्या दहा-बारा मालकांपैकी एक शिरोळचा. उसाचा शेतकरी, माझ्याच वयाचा. बोलणं असं की पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारतोय. वीस वर्षं त्याची गाडी माझ्याकडं. पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणार तो ह्याच गाडीवर, घरात नवी चारचाकी असताना. मी त्याला पावणं म्हणतो, तो मला मिस्त्री. आमची मैत्री भांडणातूनच चालते.

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आठ दिवस आधी तो आला. क्लचची केबल झिजली होती. ती बदलताना माझी नजर कार्बोरेटरच्या नटाकडं गेली. ठिपका मरूनच होता, पण गोल नव्हता. ब्रशानं ओढलेला, मागं शेपूट असलेला.

"पावणं, ह्याला कुणाचा हात लागला?"

"कुणाचा न्हाय की."

"मग हे काय हाय?"

"आसंल तुमचंच. म्या कशाला हात लावू?"

हे बोलताना तो रस्त्याकडं बघत होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्याचं ते वाक्य शेजारच्या पत्रा कापायच्या पॉवर प्रेसच्या ठोक्यात निम्मं बुडालं.

माझं डोकं सटकलं. नळ्या काढल्या, गाडी चालू केली, डोळे मिटले. आवाज मधोमध नव्हताच, पार उजव्या कानाकडं सरकला होता. बघा म्हणालो, कुण्या गाढवानं डावा कार्बोरेटर मिटवून ठेवलाय. पंधरा मिनिटांत डावा उघडून आवाज कपाळात आणला, आगकाडीनं ठिपका दिला. तो समोर उभा राहून बघत होता. त्याची चांगली चालणारी गाडी मी त्याच्या डोळ्यांदेखत बिघडवली, हे मला नंतर कळलं; त्याला ते तेव्हाच कळत होतं. वर मीच त्याला दम दिला, परत दुसऱ्याच्या हातात दिलीसा तर हिकडं फिरकू नका.

"न्हाय मिस्त्री," तो म्हणाला. "तुमच्या हाताबिगर हिला चैन पडत न्हाय."

तो गेला आणि मी ट्रेमध्ये बघतो तर एअर फिल्टरच्या रबराची क्लिप तशीच पडलेली. रागाच्या भरात लावायची राहिली. क्लिप नसली की रबर सुटतं आणि रस्त्याची धूळ सरळ इंजिनात जाते. फोन लावला, त्यानं उचलला नाही. मी स्कूटर काढली आणि त्याच्या मागं लागलो. रस्ता एकच, कुठंतरी गाठीन म्हटलं.

पंचगंगेचा पूल ओलांडून, शिरोळच्या वाटेवरच्या शिरोलीत आलो तर रस्त्याकडंच्या एका गॅरेजसमोर त्याची गाडी. मला वाटलं रबर निसटलं आणि बंद पडली. माझ्या चुकीनं पावण्याची गाडी वाटेत अडली म्हणून जिवाला लागलं. क्लिप हातात धरून आत गेलो. गाडी बंद पडलेली नव्हती, चालू होती. पस्तिशीचा एक मिस्त्री खाली बसून कार्बोरेटरच्या तोंडाला घड्याळ लावून बघत होता. हवा किती ओढली जाते ते काट्यावर दाखवणारं घड्याळ. आणि पावणा त्याला सांगत होता, "आत्ताच लावून आलोय, मगाशीच."

मला बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी तमाशा केला, कबूल करतो. मी तुमचं काय घोडं मारलंय, म्हणालो. वीस वर्षांत तुमच्या गाडीला कधी धक्का मारायची पाळी आणली का, म्हणालो. त्या मिस्त्रीला म्हणालो, बायको रुसली तरी घड्याळ लावून बघतोस काय रे? तो रागावला नाही. उलट शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"काका, बसा. तुमीच लावून बघा." त्यानं घड्याळ माझ्या हातात दिलं.

मी डाव्याला लावलं. काटा पार वर. उजव्याला लावलं. काटा निम्म्यात. झटकून परत लावलं. परत तेच.

"घड्याळ खोटं हाय."

"आसंल," तो म्हणाला. "पर काका, तुमच्याकडनं येणारी गाडी आशीच येती. डावा जास्त, उजवा कमी. उलटी एकबी आली न्हाय."

"येणारी गाडी म्हंजे किती गाड्या?"

तो पाना पुसायला लागला. पावणा रस्त्याकडं बघायला लागला. माणसांकडं बघवेना म्हणून मी भिंतीकडं बघितलं. फळीवर पाने होते, ग्रीसचा डबा होता, आणि त्याच्या शेजारी मरून नेलपॉलिशची बाटली. माझ्याच रंगाची. निम्मी संपलेली.

ज्याच्या पोटावर कधी अशी लाथ बसली असेल त्यालाच हे कळेल. अंगावर मारून घेतलेलं बरं. नटावरचा ठिपका तो कितीही जाड देत असला, तरी बाटली निम्मी व्हायला किती गाड्या लागतात, हे मला सांगायला नको होतं. सगळ्यांच्या लागतात. सगळे माझ्याकडं यायचे, एक नंबर मिस्त्री म्हणायचे, आणि पुलावरनं हिकडं यायचे. आणि मला कळू नये म्हणून रंगसुद्धा माझाच आणून ठेवला होता.

"तुमास्नी वाईट वाटू ने म्हणून, मिस्त्री," पावणा म्हणाला. "वरीस झालं."

क्लिप त्या घड्याळाशेजारी ठेवली आणि परत फिरलो. पुलावर स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाळ्यात दुसरी एक गाडी उभी होती, सकाळीच जुळवलेली. मालक संध्याकाळी न्यायला येणार होता. मी ती चालू केली, नळ्या कानात घातल्या. आवाज मधोमध, जिथं ठेवला होता तिथं. मग नळ्यांची अदलाबदल केली. डाव्या कार्बोरेटरची नळी उजव्या कानात, उजव्याची डाव्या कानात. गाडी तीच, स्क्रूला हात लावलेला नाही. गाडी खरंच जुळलेली असती तर आवाज जागचा हलायचं कारण नव्हतं. आवाज उडाला आणि सगळाच्या सगळा उजव्या कानात गेला. डाव्या कानात काही नाही. लांब कुणीतरी पीठ चाळतंय, एवढंच.

माझा डावा कान गेला होता. कधी गेला, मला पत्ता नाही. डाव्या कार्बोरेटरचा आवाज मला कमी यायचा, म्हणून माझ्या बहिऱ्या कानाला पुरेल इतका मी तो उघडायचो. वर्षभर लोकांच्या धडधाकट गाड्यांना मी माझ्या कानाचा आजार लावून देत होतो. वरनं ठिपका देऊन सही करत होतो. आणि ज्यांना मी हसत आलो त्या एका नळीच्या मिस्त्रींकडनं ही चूक झालीच नसती. एकाच कानानं दोन्ही कार्बोरेटर ऐकले तर कान अधू असला तरी दोघांना सारखाच अधू. दोन कानांची मिजास मला नडली.

संध्याकाळी त्या गाडीचा मालक आला. त्याला सांगायचा धीर झाला नाही. गाडी तशीच दिली. त्यानं मूठ पिळून बघितली, "एक नंबर, मिस्त्री," म्हणाला आणि निघाला. त्याचं घर राजारामपुरीत, पुलाच्या उलट्या बाजूला. गाडी पुलाकडं वळली.

घर आमचं कसबा बावड्यात. बायकोला सगळं सांगितलं. ती हातातली मेथी निवडायची थांबली. जेवताना, टीव्ही बघताना ती नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसते.

"वरीसभर मला वाटतंय तुमी मुद्दाम उत्तर देत न्हाई," ती म्हणाली. "मनातल्या मनात लई शिव्या दिल्या ओ तुमाला." आणि रडायला लागली. मला रडूही येईना.

कानाच्या डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. डाव्या बाजूला कसला मोठा आवाज असतो का, विचारलं. माझ्या गाळ्याची डावी भिंत आणि पलीकडं पॉवर प्रेस, पस्तीस वर्षं. नस गेली की परत येत नाही, म्हणाला. मशीन लावलं तर बोलणं ऐकू येईल. मी विचारलं, हवेची सूं सूं ऐकू येईल का, बारीक फरक कळेल का? त्याला प्रश्नच समजला नाही. उजव्या कानाला जपा म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस मी गाळा उघडला नाही. पंख्याकडं बघत पडून राहायचो. बायको चहा ठेवून जायची, तो तसाच गार व्हायचा. काय करणार होतो? ह्या वयात कुणाच्या हाताखाली पंक्चर काढू? डोळे चांगले, हात चांगले, गुडघेसुद्धा चांगले, आणि एवढं सगळं चांगलं असून माणूस कामातनं गेला. रात्रंदिवस एकच विचार, की ती माणसं माझ्यासमोर उभी राहून मान डोलवत होती तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल. म्हाताऱ्याचा खेळ होऊ दे, मग जाऊ शिरोलीला. कीव करत होती माझी. रागीट माणसाला सगळं पचतं, कीव पचत नाही.

मग एक दिवस उठलो. गाळ्यात माझी स्वतःची एक जुनी दोन सिलिंडरची पडून आहे. ती चालू केली. एकच नळी घेतली, उजव्या कानात घातली. आधी डावा ऐकला, मग उजवा. परत डावा. आधी काही जमेना. नळी ह्या तोंडावरनं त्या तोंडावर नेईपर्यंत पहिला आवाज डोक्यातनं पुसला जायचा. शेजारच्याला हात जोडून सांगितलं, प्रेस जेवणाच्या सुट्टीत बंद असते तेवढ्यात मला ऐकू दे. रोज तो अर्धा तास. मी डबा न खाता नळी धरून बसायचो. हळूहळू पहिला आवाज ध्यानात राहायला लागला.

पंधरा दिवसांनी गाडी घेऊन मी स्वतः शिरोलीला गेलो. जाताना दोनदा वाटलं परत फिरावं. त्या मिस्त्रीनं काही विचारलं नाही. घड्याळ डाव्याला लावलं, उजव्याला लावलं. काटा दोन्हीकडं एकाच रेघेवर.

"काका, ह्यात हात घालायला जागा न्हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी मी घरी येताना खव्याचे पेढे आणले. कान एक का असेना, मिस्त्री अजून मेला नव्हता. लोकांना खरं सांगायचं, चूक कबूल करायची आणि गाड्या परत माझ्या हातात घ्यायच्या, एवढंच उरलं होतं. खरं सांगायला मी घाबरत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पान्यापासून हवेच्या पंपापर्यंत सगळं धुवून पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, आणि दिवसभर कुठल्या हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची रीत अशी की सकाळी गाड्या धुवून गाळ्यासमोर आणायच्या, हार मी घालायचा, नारळ मी फोडायचा, आणि दसरा झाला की वर्षाची पहिली जुळणी माझ्या हातची. मी पाट मांडला. नळ्यांपैकी एकच ठेवली. काय बोलायचं ते आंघोळ करतानाच पाठ केलं होतं.

पहिला शिरोळचा पावणाच आला. त्या दिवसानंतर आमची गाठ नव्हती. गाडीवर झेंडूचा हार, पिशवीत नारळ. पायरीशीच घुटमळला.

"पावणं," मी म्हणालो, "माझा डावा कान गेलाय. वरीसभर तुमच्या गाड्या मी बिघडवल्या. तुमी बोलला न्हाईसा, ते तुमचं मोठंपण. दम दिला तेची माफी मागतो."

माझं पुढचं वाक्य तयार होतं. पण त्याआधी त्यानं असा सुस्कारा टाकला की मला थांबावं लागलं. त्याचा सगळा चेहरा मोकळा झाला.

"बरं केलंसा मिस्त्री सांगून," तो म्हणाला. "डोस्क्यावरचं वझं गेलं बघा. आमी सगळी कोड्यात पडलोतो, तुमास्नी सांगायचं कसं. आता दोन-दोन ठिकाणी जायाला नको. दसरा झाला की थेट शिरोलीला घालतो गाडी, माझ्या वाटंवरच हाय."

"पर आता मला जमतंय," मी म्हणालो. "एका कानानं. घड्याळावर तपासून घेतलंय."

"जमणारच की," तो म्हणाला. लहान पोराला म्हणतात तसं. "पर कशाला आता जिवाला तरास करून घेताय? आणि तुमच्याकडं यायचं काय सुटतंय व्हय? च्याला येत जाईन की."

नारळ माझ्या हातात देऊन तो रस्त्याच्या कडेला गेला आणि मोबाईल काढून बाकीच्यांना फोन लावायला लागला. त्याचा तो बांधावरचा आवाज. उजव्या कानानं मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आरं, मिस्त्रीनं सोताच सांगितलं. व्हय, व्हय. सुटलो बघ."

मी हार सरळ केला आणि त्याच्या गाडीपुढं नारळ फोडला.